खुब्याचा सांधा : टेबलावरचा धोका आणि नंतरची वीस वर्षे

खुब्याचा सांधा बदलायचे ठरले की घरातल्यांचा पहिला प्रश्न भुलीचा असतो. वय सत्तर, साखर आहे, बीपी आहे, ऑपरेशन झेपेल का? प्रश्न रास्त आहे आणि आज त्याचे उत्तर बऱ्यापैकी धीर देणारे आहे. मात्र या शस्त्रक्रियेचा साठ वर्षांचा इतिहास चाळला तर दिसते, की तिच्यातली मोठी संकटे ऑपरेशन थिएटरमध्ये घडलेली नाहीत. टाके निघाले, काठी सुटली, माणूस बाजारहाट करू लागला आणि काही वर्षांनी आत बसवलेल्या वस्तूने दगा दिला. जिथे कोणी मोजत होते तिथे हे लवकर लक्षात आले. आपल्याकडे मोजण्याची सवयच नव्हती, आणि त्याची किंमत हजारो रुग्णांनी मोजली. म्हणून या आढाव्यात त्या दुसऱ्या धोक्याला जास्त जागा दिली आहे.

आधी टेबलावरचा धोका. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ ते २०११ या काळात संधिवातामुळे झालेल्या चार लाखांहून अधिक खुब्याच्या शस्त्रक्रियांचा हिशोब २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ऑपरेशननंतर ९० दिवसांत मृत्यू येण्याचे प्रमाण २००३ मध्ये ०.५६ टक्के होते, ते २०११ मध्ये ०.२९ टक्क्यांवर आले. आठ वर्षांत निम्मे. ज्या रुग्णांत मृत्यू कमी दिसले त्यांच्यात चार गोष्टी सापडल्या : कमरेतून दिलेली भूल, सांध्यापर्यंत मागच्या बाजूने जाणारी चीर, पायांवर दाब देणारी साधने, आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेले हेपॅरिन, काही वेळा ॲस्पिरिनसह. चारांतली एकही गोष्ट नव्या महागड्या यंत्राची नाही. ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाला वॉकर देऊन उभे करतात, तेव्हा नातेवाईक घाबरतात. पण पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ न देण्याचा हा सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय आहे.

इथे एक फरक करायलाच हवा. पडून खुब्याचे हाड मोडलेली ऐंशी वर्षांची आजी आणि झिजलेल्या सांध्यासाठी तारीख ठरवून दाखल झालेला माणूस, यांचा धोका एका तराजूत तोलता येत नाही. हाड मोडलेल्या वृद्धांमध्ये वर्षभरातल्या मृत्यूंचे प्रमाण अनेक देशांच्या आकडेवारीत २० ते ३० टक्क्यांच्या घरात आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा शस्त्रक्रिया हे नसते. आधीचा अशक्तपणा, अंथरुणाला खिळणे, छातीत कफ भरणे, ही कारणे असतात. अशा रुग्णाला ‘वय झालंय, नको ऑपरेशन’ म्हणून घरी ठेवणे हाच बहुतेकदा जास्त धोक्याचा निर्णय ठरतो. शक्य तर पहिल्या दीड-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी, असा आज सर्वत्र आग्रह आहे. गावाकडून शहरातल्या रुग्णालयात पोहोचण्यात, पैशांची जुळवाजुळव करण्यात आणि ‘फिटनेस’चे कागद गोळा करण्यात आपल्याकडे हेच दिवस जातात.

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर उरणारे धोके मोजके आहेत : जंतुसंसर्ग, सांधा निखळणे, नसेला इजा, दोन पायांच्या लांबीत फरक. यांतला संसर्ग सर्वांत क्लेशकारक. शंभरात एखाद्याला होतो, पण ज्याला होतो त्याची वर्षे खातो. धातूवर आणि प्लास्टिकवर जंतू एकदा चिकटले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, आणि रक्तातून येणारे प्रतिजैविक त्यांच्यापर्यंत धड पोहोचत नाही. जुना संसर्ग असेल तर अनेकदा बसवलेला सांधा काढावा लागतो, प्रतिजैविक मिसळलेल्या हाडांच्या सिमेंटचा तात्पुरता तुकडा बसवून काही आठवडे थांबावे लागते, आणि मग पुन्हा नवा सांधा. म्हणून साखर आटोक्यात येईपर्यंत तारीख पुढे ढकलणारा, किडलेला दात आधी दाखवून या म्हणणारा, विडी-सिगारेट बंद करायला लावणारा डॉक्टर वेळकाढूपणा करत नसतो. त्याच खुब्यात तीन महिन्यांच्या आत स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर तेही सांगायचे. त्यामुळे संसर्गाची शक्यता वाढते.

निखळण्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. ‘आता जन्मभर मांडी नाही’ असे सरसकट सांगितले जाते. मागून चीर घेतलेल्या खुब्यात घात करते ती एक ठरावीक हालचाल : गुडघा पोटाकडे खूप वर, पाय मधल्या रेषेच्या पलीकडे आणि पाऊल आतल्या अंगाला वळलेले. बुटक्या स्टुलावर बसून पुढे वाकणे, एका पायावर दुसरा टाकून मोजे चढवणे, बैठ्या शौचालयावरून घाईने उठणे, यांत नेमके हेच घडते. मांडी घालताना मांडी बाहेरच्या बाजूला पडते, त्यामुळे ती हालचाल तुलनेने वेगळी आहे. पूर्वी बसवला जाणारा बॉल २२ मिलिमीटरचा होता, आता ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा सर्रास वापरतात, आणि मोठा बॉल सहज निसटत नाही. तरी कोणाला काय झेपेल हे चीर कुठून घेतली आणि वाटी कोणत्या कोनात बसली यावर ठरते, म्हणून परवानगी आपल्याच सर्जनकडून घ्यायची, शेजाऱ्याच्या अनुभवावरून नाही. पहिले तीन महिने मात्र कमोड आणि उंच खुर्ची यांना पर्याय नाही.

पुढून चीर घेण्याचे तंत्र, रोबोटची मदत, ‘टाक्याविना’च्या जाहिराती यांवर फार शाई खर्चण्यात अर्थ नाही. पुढून चीर घेतलेला रुग्ण सुरुवातीचे काही आठवडे लवकर सावरतो, पुढे फरक मिटत जातो. रोबोटमुळे वाटीचा कोन जास्त अचूक साधतो. त्यामुळे सांधा वीस वर्षांनी जास्त टिकतो हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

आता दुसरा धोका. त्याची सुरुवात आजच्या सांध्याच्या जनकापासूनच होते. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस धातूचा बॉल आणि टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन अतिशय गुळगुळीत. रुग्णांचे दुखणे थांबले, माणसे चालू लागली आणि सगळे खूश झाले. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजेच्या कणांभोवती गाठी झाल्या, हाड पोखरले गेले. सुमारे तीनशे रुग्णांचे सांधे चार्न्लींना स्वतःच्या हाताने पुन्हा उघडावे लागले. हा पदार्थ शरीराला खरोखर मानवतो का हे पाहण्यासाठी त्यांनी त्याचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले आणि झालेली प्रतिक्रिया १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’ला लिहून कळवली. १९६२ च्या नोव्हेंबरपासून ते टणक पॉलिएथिलिनची वाटी वापरू लागले, आणि आजही बहुसंख्य सांध्यांत त्याच पदार्थाची सुधारलेली आवृत्ती असते. त्यांची दुसरी देणगी थिएटरमधल्या स्वच्छ हवेची : गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष उभारून त्यांनी संसर्गाचे प्रमाण कित्येक टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास आणले. रुग्णाच्या मृत्यूनंतर तो सांधा तपासायला मिळावा, अशी परवानगीही ते रुग्णांकडून आधीच मागत आणि बहुतेक जण ती देत. टेफ्लॉनने त्यांना शिकवले होते की पहिल्या दोन वर्षांचे समाधान हा पुरावा नव्हे, आणि ही शिकवण त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

एका माणसाचा प्रामाणिकपणा एका रुग्णालयापुरता पुरतो. देशभर शेकडो सर्जन शंभर प्रकारचे सांधे बसवत असतील तर कोणता सांधा नापास होतो आहे हे एकेकट्या सर्जनला कळणे शक्य नसते. वर्षाला पन्नास सांधे बसवणाऱ्याकडे दोन जास्तीचे बिघडले तर तो नशिबाला दोष देईल. हे ओळखून स्वीडनने १९७९ मध्ये खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणाला, कुठे, कोणत्या कंपनीचा कोणता सांधा, कोणत्या सिमेंटने बसवला आणि तो पुन्हा उघडावा लागला का, इतक्याच नोंदी. नॉर्वेने १९८७ मध्ये तशीच वही घातली आणि काही वर्षांतच तिचा उपयोग झाला. बोनलॉक नावाचे नवे सिमेंट १९९१ मध्ये बाजारात आले होते. ते वापरलेले सांधे तीन वर्षांत सैल होत आहेत हे नोंदींतून उघड झाले आणि ते मागे घेतले गेले.

ब्रिटनला शहाणपण धडा बसल्यावर आले. थ्री-एम कंपनीने १९९१ मध्ये चार्न्लीच्या सांध्यासारखा दिसणारा, त्याहून स्वस्त ‘कॅपिटल’ सांधा आणला. सुमारे ४,७०० रुग्णांना तो बसवला गेला. तो लवकर सैल होतो हे लक्षात येऊन १९९८ मध्ये सरकारने धोक्याची सूचना काढली, तेव्हा रुग्णालयांना जुनी कागदपत्रे उपसून माणसे शोधावी लागली. त्यातून इंग्लंड आणि वेल्सची राष्ट्रीय सांधे नोंदवही उभी राहिली आणि एप्रिल २००३ पासून नोंदी घेऊ लागली. ऑस्ट्रेलियाची वही १९९९ पासूनची.

या दोन नोंदवह्यांनीच एएसआर प्रकरण उघड केले. त्यात आपला थेट संबंध असल्याने ते थोडे सविस्तर सांगतो.

पॉलिएथिलिनच्या झिजेचे बारीक कण हाड पोखरतात, हे ऐंशीच्या दशकापर्यंत कळून चुकले होते. तरुण, धावपळ करणाऱ्या रुग्णासाठी दोन्ही बाजू धातूच्या केल्या तर झीजच होणार नाही, या विचाराने कोबाल्ट-क्रोमियमचा बॉल आणि त्याच धातूची वाटी ही जुनी कल्पना पुन्हा पुढे आली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीने २००३ मध्ये एएसआर बाजारात आणला. त्याची वाटी अर्धगोलापेक्षा उथळ होती. वाटी जरा उभी बसली की बॉलचा भार मधल्या भागावरून काठावर सरकायचा, दोन धातूंमधला द्रवाचा पातळ थर तुटायचा आणि धातूवर धातू घासू लागायचा. डोळ्यांना न दिसणारे कण आजूबाजूच्या मांसात उतरायचे, तिथे गाठीसारखी सूज यायची, स्नायू मरायचे. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात पोहोचायचे. काही थोड्या रुग्णांत कोबाल्टने हृदय, ऐकू येणे, दृष्टी यांवरही परिणाम केल्याच्या नोंदी आहेत. यातली सर्वांत फसवी बाब ही की साध्या एक्स-रेमध्ये सांधा अनेकदा जागच्या जागी, सुंदर बसलेला दिसतो. रुग्ण दुखतेय म्हणतो आणि फिल्म ठीक असते.

हे बाजारात आलेच कसे? अमेरिकेत त्याचा एक प्रकार, एएसआर एक्सएल, २००५ मध्ये आधीच्या सांध्यांशी साधर्म्य दाखवून मंजूर झाला. त्या वाटेने जाताना रुग्णांवरच्या चाचण्या द्याव्या लागत नाहीत. युरोपातली मंजुरीही अशीच सैल होती. विशेष खटकते ते हे, की त्याच काळात किरणांनी घट्ट केलेले नवे पॉलिएथिलिन आले होते आणि झिजेचा प्रश्न त्यानेच बऱ्याच अंशी सोडवला. ज्या दुखण्यावर धातूचा उतारा काढला होता, ते दुखणे साध्या प्लास्टिकने आवरले जात होते.

ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत एएसआरचे आकडे वाईट येऊ लागले आणि डिसेंबर २००९ मध्ये तो तिथून मागे घेतला गेला. ब्रिटनच्या नोंदवहीने पाच वर्षांत १२ ते १३ टक्के सांधे पुन्हा उघडावे लागत असल्याचे दाखवल्यावर २४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीने तो जगभरातून परत मागवला. तोवर सुमारे ९३,००० लोकांच्या शरीरात तो गेला होता. अमेरिकेत २०१३ मध्ये कंपनीने सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली.

भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये हा सांधा वापरला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीविरुद्ध पोलिसांत तक्रार नोंदवली आणि केंद्राच्या औषध नियंत्रकांचे लक्ष वेधले, याचे श्रेय त्या खात्याला द्यायला हवे. केंद्राचा सावधगिरीचा इशारा मात्र २०१३ मध्ये आला. चौकशी समिती २०१७ मध्ये बसली, तिचा अहवाल २०१८ मध्ये लोकांसमोर आला. अहवालातली सर्वांत हादरवणारी गोष्ट अशी, की सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. सांधा परत मागवला हे जगाला माहीत होते. ज्याच्या खुब्यात तो होता त्यालाच कळवायला कोणाकडे यादी नव्हती. समितीने किमान २० लाख रुपये भरपाई सुचवली. नंतरच्या सूत्रानुसार रक्कम ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत जात होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये कंपनीने पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी दाखवली. चार हजार सातशेंपैकी सदुसष्ट.

तेव्हापासून काहीच बदलले नाही असे नाही. शरीरात बसवायच्या उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाच्या नोंदीसाठी जुलै २०१५ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम जानेवारी २०१८ पासून लागू झाले. भारतीय सर्जनांच्या संघटनेची सांध्यांची नोंदवहीही आहे, पण तिच्यात नोंद करणे ऐच्छिक आहे. ऐच्छिक वहीत मेहनती आणि चांगले काम करणारे सर्जन आपली माहिती भरतात. नेमके ज्यांचे निकाल पाहायला हवेत ते बाहेर राहतात. माझे मत स्पष्ट आहे : ज्या शस्त्रक्रियेचा पैसा सरकारी योजनेतून किंवा विमा कंपनीकडून जातो, तिथे सांध्याचा क्रमांक नोंदवहीत चढल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये. त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचेही कारण नाही.

आपल्याला ही वही इतरांपेक्षा जास्त हवी, कारण आपले रुग्ण तरुण आहेत. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलणारा माणूस बहुधा साठी-सत्तरीतला, झिजेने त्रासलेला असतो. आपल्याकडे रक्तपुरवठा तुटून खुब्याचा बॉल खचलेले तिशी-चाळिशीतले रुग्ण मोठ्या संख्येने येतात. दारू, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स ही कारणे. कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्यांमध्येही हा आजार दिसल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलमुळे विशीतच खुबे जातात, आणि त्या रुग्णांत संसर्गाचा व रक्तस्रावाचा धोका मुळातच जास्त असतो.

तरुण रुग्णाला वर्षांचे गणित वेगळे लागते. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित अभ्यासानुसार खुब्याचे सुमारे ८९ टक्के सांधे १५ वर्षे टिकतात, ७० टक्के २० वर्षे आणि ५८ टक्के २५ वर्षे. हे सांधे जुन्या पिढीचे आहेत, आजचे याहून टिकाऊ असण्याची बरीच शक्यता आहे. ब्रिटनच्या दुसऱ्या एका अभ्यासात सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांत आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के आढळली. पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली. पस्तिशीतल्या माणसाने दुसरी शस्त्रक्रिया धरूनच चालावे. म्हणून त्याला जो सांधा बसेल तो दहा-पंधरा वर्षांचा हिशोब देणारा असावा. ब्रिटनमध्ये दहा वर्षांत पाच टक्क्यांहून जास्त सांधे बदलावे लागत असतील तर तो सांधा वापरू नये असा दंडक २०१४ पासून आहे. सर्जनला हाच प्रश्न विचारावा : हा सांधा कोणत्या देशाच्या नोंदवहीत आहे आणि दहा वर्षांनी त्याचे किती बदलावे लागले? ‘लेटेस्ट’ हे या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट अगदी छोटी. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात. वाटीची एक, आतल्या अस्तराची एक, बॉलची, दांड्याची. प्रत्येकीवर कंपनीचे नाव, माप, ‘आरईएफ’ आणि ‘लॉट’ हे दोन क्रमांक. थिएटरमधली सिस्टर त्या रुग्णालयाच्या केसपेपरवर आणि बिलावर चिकटवते. डिस्चार्जच्या कागदांत अनेकदा फक्त ‘अनसिमेंटेड टीएचआर, उजवा’ एवढेच लिहिलेले असते. घरी निघण्याआधी त्या पट्ट्यांचा एक संच किंवा त्या पानाची स्वच्छ झेरॉक्स मागून घ्यावी, मोबाइलमध्ये फोटो काढावा आणि एक प्रत मुलांकडे द्यावी. पुढे सांधा बदलायची वेळ आली तर सर्जनला कोणती हत्यारे मागवायची हेही त्यावरूनच ठरते.

ज्यांचा खुबा २००४ ते २०१० या काळात बदलला आहे, विशेषतः तेव्हा वय पन्नासच्या आत होते, त्यांनी जुनी फाइल काढून बॉल आणि वाटी दोन्ही धातूच्या आहेत का हे पाहावे. कागद सापडत नसतील तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झाले तिथल्या रेकॉर्ड विभागाकडे लेखी अर्ज करावा. नुसता खुब्याचा एक्स-रेही जाणकार सर्जनला बरेच काही सांगतो. धातूवर धातू असल्यास त्रास नसला तरी रक्तातले कोबाल्ट-क्रोमियम तपासावे. ब्रिटिश नियामकांनी २०१० मध्ये ७ पीपीबी ही मर्यादा धरली होती. त्याहून आकडा जास्त आला किंवा जांघेत दुखत असेल तर धातूचा अडथळा टाळून काढलेला एमआरआय करून घ्यावा. स्नायू शाबूत असताना सांधा बदलला तर माणूस पुन्हा नीट चालतो. ते गेल्यावर बदलला तर काठी सुटत नाही.